हातात काम असतानाच पुढचं काम शोधायचं

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी वेगळं लिहून ठेवलं: ‘काम असतं तेव्हा जेवायला वेळ नसतो, आणि नसतं तेव्हा दोन-दोन महिने फोन वाजत नाही.’ बाकी तपशील असा. तुम्ही लातूरच्या, खासगी शाळेतली आठ वर्षांची नोकरी सोडून अडीच वर्षं झाली, वेबसाइट आणि ॲपसाठी मराठी मजकूर लिहिता, अनुवाद करता. रुपयातले बारा आणे काम एकाच एजन्सीकडून यायचं, ते जूनपासून बंद झालं आणि वर १८,४०० रुपये अडकले. मार्चमध्ये ४२ हजार मिळाले होते, जुलै-ऑगस्ट मिळून ९ हजार. घरचे म्हणतात नोकरी बघ, आणि एका शिकवणी वर्गातली सकाळची अर्धवेळ नोकरी समोर आहे. तुम्ही विचारता, टिकून राहील असं काम मिळतं कुठे, आणि मिळालं तर घर सांभाळून ते पेलायचं कसं.

मी सांगलीत राहते आणि चौदा वर्षं याच कामावर घर चालवते. शेतीविषयक मजकूर, अनुवाद, संस्थांचे अहवाल, अधूनमधून दिवाळी अंकात लेख. तुमच्या मराठीत खोट आहे म्हणून काम थांबलं, असं मनात घेऊ नका. अडीच वर्षं कुणी दया म्हणून काम देत नाही. चुकलं ते काम शोधण्याच्या वेळेत चुकलं.

जुलै कोरडा गेला त्याचं मूळ मार्चमध्ये आहे. मार्चमध्ये तुम्ही रात्री दोनपर्यंत लिहीत होतात, त्यामुळे नवीन कुणाला पत्र गेलं नाही, जुन्या गिऱ्हाइकाला फोन गेला नाही. आपल्या धंद्यात पहिल्या पत्रापासून पहिलं काम हातात पडेपर्यंत, माझ्या अनुभवात, अडीच-तीन महिने जातात. पंधरा दिवस उत्तरच येत नाही. मग नमुना मागतात, मग दरावर बोलणं होतं, मग त्यांच्याकडचं कुणीतरी रजेवर असतं, मग अकाउंट्समध्ये तुमचं नाव चढायचं असतं. काम करून दिल्यावर पैसे यायला आणखी महिना-दीड महिना. म्हणजे दिवाळीचा किराणा ज्या पैशातून भरायचा, त्याचं पत्र जूनमध्येच जायला हवं.

म्हणून माझा एकच नियम कडक आहे. मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा मी कुणाचंही काम करत नाही, हातातलं कितीही घाईचं असलं तरी. ते दोन तास पुढच्या कामासाठी. दोन नवीन पत्रं, तीन जुन्या गिऱ्हाइकांना चार ओळी, आणि कुणाचं बिल थकलं असेल तर त्याची आठवण. एवढंच होतं, पण दर आठवड्याला होतं. एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात चार रकाने: कोण, कुणाशी बोलले, काय ठरलं, पुन्हा कधी. चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. ‘सध्या गरज नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथे तीन महिन्यांनंतरची तारीख घालते. माझ्या आजच्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने मला दोनदा नाही म्हटलं होतं.

तुमच्यावर आलेली वेळ माझ्यावर २०१५ साली आली होती. एका एजन्सीचं काम इतकं होतं की मी बाकी सगळ्यांना नकार देत गेले. तिथली जी बाई मला काम पाठवायची, तिने नोकरी बदलली. तिच्या जागी आलेल्या माणसाने स्वतःचे लेखक आणले, आणि एका महिन्यात माझं येणं शून्यावर आलं. माझ्या कामाबद्दल तक्रार कुणाचीच नव्हती. त्यातून दोन गोष्टी शिकले. कुठल्याही एका ठिकाणाहून एकूण मिळकतीच्या चाळीस टक्क्यांवर पैसे यायला लागले, की त्या महिन्यात मंगळवारचे दोन तास चार करायचे. आणि दुसरी, जी मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: आपलं गिऱ्हाईक कंपनी नसते, तिथला माणूस असतो. तो नवीन ठिकाणी गेला की महिन्याभराने त्याला अभिनंदनाचा निरोप पाठवायचा आणि विचारायचं, तिकडे मराठीचं काम कोण बघतं. त्या बाईला मी सहा महिन्यांनी असं विचारलं. तिच्या नव्या कंपनीचं काम मी पुढे चार वर्षं केलं. तुमच्या एजन्सीत तुम्हाला काम देणारी माणसं आज कुठे आहेत, हे या आठवड्यात शोधून काढा.

पत्र कसं लिहायचं, हे मी जरा सविस्तर सांगते, कारण काम अडतं ते बहुतेक इथे. ‘मी अनुभवी मराठी लेखिका असून आपल्या संस्थेसाठी काम करण्यास इच्छुक आहे’ अशा पत्राला उत्तर येत नाही. वाचणाऱ्याला त्यात स्वतःचं काहीच दिसत नाही. मी ठिबक संच बनवणाऱ्या एका कंपनीला लिहिलेलं पत्र असं होतं:

‘नमस्कार. तुमच्या माहितीपत्रकातलं मराठी वाचलं. पान ४ वर लॅटरलला पार्श्व नलिका म्हटलंय. आमच्या भागात शेतकरी लॅटरल किंवा ठिबकची नळी म्हणतो. पार्श्व नलिका म्हटलं तर ती कुठली, असं तो दुकानदाराला विचारेल. त्याच पानाचं मराठी मी सोबत करून पाठवतेय, वापरायचं असेल तर वापरा. पुढच्या माहितीपत्रकाचं काम असेल तर मी घेऊ शकते. एका पानाला दोन दिवस लागतात. सांगली, फोन क्रमांक.’

एवढंच. त्यांचं एक पान मी फुकट करून दिलं, पण ते मी निवडलेलं होतं, अर्ध्या तासाचं होतं आणि त्यात माझं म्हणणं दिसत होतं. कुणी नमुना म्हणून दोन हजार शब्द फुकट मागितले तर ते मात्र करू नका. तीनशे शब्दांपर्यंतचा नमुना ठीक. त्यापुढे असेल तर ‘नमुन्याचे पैसे पहिल्या बिलात धरू’ असं म्हणा. ज्याला खरंच काम द्यायचंय तो याला नाही म्हणत नाही.

आता कुठे शोधायचं. ‘लेखक पाहिजेत’ अशा जाहिरातींमध्ये मी शोधत नाही. तिथे एका कामामागे शेकडो लोक असतात आणि दर पंधरा-वीस पैसे शब्दावर येतो. अपवर्क, फायव्हर या फ्रीलान्स कामाच्या संकेतस्थळांवर मराठीचं काम येतं, पण तुटक येतं. खातं उघडून ठेवा, त्याच्यावर अवलंबून राहू नका. अनुवादासाठी प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावर नीट माहिती भरून ठेवली तर बाहेरदेशच्या एजन्सी स्वतः विचारतात आणि दर बरा देतात. लिंक्डइनवर मी फार लिहीत नाही, पण तिथे कुठल्या कंपनीत ‘लोकलायझेशन’ (ॲप-वेबसाइट स्थानिक भाषेत आणणं) किंवा ‘कंटेंट’चं काम कोण बघतं, हे सापडतं. पत्र त्या माणसाच्या नावाने जातं.

पण मराठी लिहिणाऱ्याचं खरं पोट ज्यावर भरतं ते काम जाहिरातीत येतच नाही. आपल्या आजूबाजूला सहकारी साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका, पतसंस्था आहेत. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदांना वार्षिक अहवाल द्यावा लागतो. तो मराठीत असतो. अध्यक्षांचं मनोगत, वर्षाचा आढावा, नवीन योजनांची माहिती हे सगळं कुणीतरी लिहायचं असतं, आणि अनेक ठिकाणी ते एखाद्या कारकुनावर पडतं, तो गेल्या वर्षीच्याच अहवालात आकडे बदलतो. मी दर मे महिन्यात अशा आठ-दहा ठिकाणी जाऊन भेटते. प्रत्यक्ष जाते, मेल करत नाही. सचिव किंवा कार्यकारी संचालक भेटले तर गेल्या वर्षीचा त्यांचाच अहवाल मागून घेते आणि दोन दिवसांनी एक परिच्छेद नव्याने लिहून नेते. यातून जुलै ते सप्टेंबर भरून जातो, आणि एकदा अहवाल केला की पुढच्या वर्षी त्यांचाच फोन येतो. लातूर जिल्ह्यातही साखर कारखाने, बँका आहेतच.

असंच प्रत्येक कामाला महिना असतो. स्वयंसेवी संस्थांचे देणगीदारांसाठीचे अहवाल मार्च-एप्रिलमध्ये. बियाणं, खत, औषध कंपन्यांचा खरिपाचा मजकूर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पेरणीच्या आधी. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेलं दिवाळी अंकांचं काम जून ते ऑगस्टमध्ये होतं, तिथे मानधन थोडं आणि उशिरा, पण तुमचं नाव छापलं जातं आणि त्या नावावर पुढची कामं येतात. गणपती ते दिवाळी जाहिरातींचा मजकूर. डिसेंबर-जानेवारी मला दरवर्षी सैल जातो, तेव्हा मी स्वतःचं लिहिते आणि जुने शब्दसंग्रह नीट लावते. ऐकण्याच्या मालिका आणि ध्वनिपुस्तकांसाठी लिहिणाऱ्यांना बारमाही काम असतं असं मी जवळून पाहिलंय, पण रोज एक भाग देण्याचा रेटा मला झेपला नाही. तुम्हाला गोष्ट रचायला आवडत असेल तर जरूर बघा. तुमच्या गेल्या अडीच वर्षांची बिलं काढून महिनावार मांडा. कुठला महिना कशाने भरला हे दिसेल, आणि जुलै रिकामा का राहिला तेही.

विषय एक धरावा की सगळं करावं, हे मला नेहमी विचारतात. सुरुवातीची दोन वर्षं सगळं करावं, त्यानंतर एक विषय धरावा, असं माझं मत आहे. माझा विषय शेती झाला, कारण माहेरी तासगावला द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावणी आणि भुरी या रोगांची धास्ती हे ऐकतच वाढले. त्याचा फायदा काय होतो ते एका वाक्यात दाखवते. कंपनीकडून इंग्रजीत आलं होतं, एका लिटरला २ मिली प्रमाणात फवारा. आधीच्या अनुवादकाने लिहिलं होतं, ‘प्रति लिटर पाण्यात २ मिली या प्रमाणात फवारणी करावी.’ चूक काहीच नाही. पण शेतकऱ्याच्या पाठीवर पंधरा लिटरचा पंप असतो आणि तो विचारतो, पंपाला किती? मी लिहिलं, ‘१५ लिटरच्या पंपाला ३० मिली.’ कंपनीच्या कृषी अधिकाऱ्याने त्याच दिवशी फोन केला आणि उरलेली सगळी पत्रकं माझ्याकडे पाठवली. तेव्हापासून त्यांनी दर विचारला, घासाघीस केली नाही.

तुमच्याकडे काय आहे? तुम्ही शाळेत काय शिकवत होतात ते लिहिलं नाही. पण आठ वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला मुलाला कुठे अडतं ते कळतं, आणि शैक्षणिक ॲप, सरावपुस्तिका, शिक्षक प्रशिक्षणाचं साहित्य लिहून घेणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. ‘मी लेखिका आहे’ याऐवजी ‘मी आठ वर्षं शिकवलंय आणि मराठीत लिहिते’ असं सांगून बघा.

मशीन आणि एआयबद्दल तुम्ही काळजीने लिहिलंय. ती खरी आहे. पूर्वी जे काम शब्दाला रुपयाने यायचं, ते आता मशीनने केलेलं मराठी ‘फक्त तपासून द्या’ म्हणून चाळीस पैशांनी येतं. सगळं नाकारून चालणार नाही, पण डोळे मिटून घेऊही नका. माझी पद्धत अशी: त्यांच्याकडून पाचशे शब्द मागायचे, घड्याळ लावून तपासायचे, आणि तासाला किती शब्द होतात त्यावरून हो किंवा नाही म्हणायचं. कायदेशीर अटी, सूचनापत्रकं यांचं मशीनचं मराठी कधीकधी बरं असतं, तासाला आठशे शब्द निघतात. जाहिरात किंवा गोष्टीचं असेल तर प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा लिहावं लागतं. तिथे मी स्पष्ट सांगते की हे तपासणीचं काम नाही, लेखनाचं आहे, आणि दर लेखनाचा लागेल. सांगताना दोन वाक्यं शेजारी ठेवते. मशीनचं: ‘पुढे जाण्यासाठी कृपया आपला भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा.’ माझं: ‘मोबाइल नंबर टाका.’ फोनच्या पडद्यावर जागा किती आणि वाचणारी बाई कोण, हे ज्याला ठाऊक आहे तोच दुसरं वाक्य लिहितो. ज्याला हा फरक दिसत नाही त्या गिऱ्हाइकामागे वेळ घालवू नका.

आता पैशाचा हिशेब, कारण तुम्ही रात्री दोनपर्यंत का जागत होतात याचं उत्तर तिथे आहे. तुमच्या घराला किती लागतात मला माहीत नाही, म्हणून उदाहरण घेते. महिन्याला ३० हजार घरात. कर, इंटरनेट, लॅपटॉपची दुरुस्ती, आजारपण आणि शिल्लक यासाठी १२ हजार. झाले ४२ हजार. महिन्यात कामाचे दिवस २२, त्यातले काम शोधण्यात, दुरुस्त्यांत, बिलांत आणि वीज नसल्यामुळे सात जातात. उरले १५. म्हणजे ज्या दिवशी लिहायला बसाल त्या दिवशी २,८०० रुपये सुटायला हवेत. तपासणीसकट दिवसाला दीड हजार शब्दांचा अनुवाद नीट होतो. भागून बघा, शब्दाला साधारण १ रुपया ८७ पैसे येतात. तुम्ही लिहिलंय की एजन्सी ५० पैसे देत होती. त्या दराने रोज ५,६०० शब्द करावे लागतील. ते होत नाहीत. कितीही मेहनती बाई असली तरी होत नाहीत. झाले तर ते वाचण्यासारखे नसतात. त्यामुळे तुमची अडचण काम कमी असण्याची जितकी आहे, त्याहून जास्त ती या दराची आहे.

दर एकदम सगळ्यांना वाढवू नका. नवीन येणाऱ्याला नवीन दर सांगा. जुन्यांना एप्रिलमध्ये, महिनाभर आधी कळवून, एकेकाला. एखादा जाईल. तो जाण्यासारखाच असतो, कारण त्याचे पन्नास पैशांचे तास तुम्हाला पावणेदोन रुपयांच्या कामासाठी मोकळे होतात. आणि शक्य तिथे शब्दावर बोलूच नका, कामावर बोला: अहवालाचे इतके, महिन्याच्या आठ लेखांचे इतके.

महिन्याचं ठरलेलं काम हाच घराचा आधार. असं एक जरी मिळालं तरी झोप लागते. पण ते घेताना सगळं मोजून लिहा: महिन्याला आठ लेख, प्रत्येक सातशे शब्दांपर्यंत, प्रत्येकाला दोन दुरुस्त्या, विषय आदल्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, बिल ५ तारखेला. माझ्या पहिल्या अशा कामात मी फक्त रक्कम ठरवली होती. महिनाभरात त्यांच्या व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांपासून साहेबांच्या भाषणापर्यंत सगळं माझ्याकडे यायला लागलं.

घर सांभाळून कसं पेलायचं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बाई घरी असली म्हणजे ती मोकळी आहे असं घर धरून चालतं. गॅसवाला, कुरिअर, पाहुणे सगळे तिच्यावर. मुलगी दुसरीत असताना मी जिन्याखालच्या जागेत टेबल मांडलं आणि घरात सांगितलं, साडेनऊ ते साडेबारा मी ऑफिसात आहे, दार वाजलं तरी उठणार नाही. पहिले पंधरा दिवस सगळ्यांना जड गेलं. सासूबाई शेजारणीला ‘ती कामावर गेलीय’ म्हणायला लागल्या तेव्हा ते जमलं. नवीन लिहिण्याचं काम पहाटे किंवा सकाळी, दुरुस्त्या आणि फोन दुपारी, आणि रात्री नऊनंतर लॅपटॉप बंद. रात्रीच्या बाबतीत मी हट्टी झाले त्याला कारण घडलं. एकदा रात्री साडेबाराला पत्रक पूर्ण केलं आणि औषधाचं प्रमाण २ मिलीऐवजी २० मिली पडलं. सकाळी पाठवण्याआधी पुन्हा वाचलं म्हणून सापडलं. छापून गेलं असतं तर कुणाची तरी बाग जळाली असती. त्यानंतर आकडे असलेलं काहीही मी रात्री करत नाही आणि लिहिलेल्या दिवशी पाठवत नाही.

काम जास्त आलं तर नाही म्हणायला शिकावं लागतं, पण नुसतं नाही म्हणू नये. ‘या आठवड्यात होणार नाही, १८ तारखेपासून घेऊ शकते, चालेल का?’ असं म्हटलं की बरीच कामं तुमच्यासाठी थांबून राहतात. लोक सांगतात तितकी घाई नसते. खरंच घाई असेल तर आम्ही चौघी आहोत, सांगली, कोल्हापूर, नागपूर आणि एक बंगळुरूत, त्यांच्यापैकी एकीचा नंबर देते. त्यात मध्ये कुणी पैसे घेत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षी आलेली दोन कामं त्यांच्याकडून आली होती. लातूर-नांदेडकडे अशा दोघी-तिघी शोधा. एकटीने हे काम वर्षानुवर्षं ओढणं फार कठीण आहे.

कागदपत्रांचं भराभर सांगते. फोनवर ठरलं तरी दहा मिनिटांत मेल जायला हवा: काम काय, दर काय, तारीख काय, पैसे किती दिवसांत. नवीन गिऱ्हाइकाकडून निम्मे आगाऊ, आणि निवडणुकीच्या प्रचाराचं काम असेल तर सगळे आगाऊ. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, लेखकाचाच असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असं धरलं जातं. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली की त्याचा दर वेगळा मागा. व्यावसायिक मानधन एका ठिकाणाहून वर्षाला ५० हजारांवर गेलं की कंपनी १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच वळता केला जाणारा आयकर) कापते. तो कापला म्हणजे गेला नाही, विवरणपत्र भरून हिशेबात धरता येतो. वर्षाचा कर १० हजारांवर जाणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेल्यावर. वर्षातून एकदा सीएला पैसे देऊन हे नीट करून घ्या.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. ती ऑनलाइन होते, फुकट असते, आधार आणि पॅन लागतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे आता सगळ्या अकाउंटंटना ठाऊक आहे. मी बिलावर वरच उद्यम क्रमांक छापते. तेव्हापासून मार्चअखेरीस माझी बिलं स्वतःहून निघतात. नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी, म्हणून हे पुढच्या कामांसाठी.

तुमच्या अडकलेल्या १८,४०० साठी आधी आयकराच्या संकेतस्थळावर तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता, उघडून बघा. त्या बिलांचा टीडीएस तिथे जमा दिसत असेल तर एजन्सीने तुमचं बिल आपल्या वहीत धरलेलं आहे. ‘काम मंजूर नव्हतं’ असं म्हणणं तिला आता अवघड जाईल. त्या पानाची प्रत, बिलांचे क्रमांक, काम पाठवल्याच्या तारखा आणि त्यांचे ‘मिळालं, छान’ असे मेल एकत्र जोडून एकच पत्र लिहा, हिशेब विभाग आणि मालक दोघांनाही. भाषा साधी ठेवा, पंधरा दिवसांची तारीख द्या. पंधरा दिवस गेले तर वकिलाची नोटीस. फेसबुकवर लिहू नका. पैसे येत नाहीत आणि पुढचं गिऱ्हाईक बिचकतं.

शेवटी शिकवणी वर्गातली नोकरी. घ्या. सात ते अकरा असेल तर दुपार तुमची राहते, आणि महिन्याला ठरलेले पैसे येत असले की पन्नास पैशांच्या कामाला नाही म्हणण्याचं बळ येतं. मी स्वतः २०१५ नंतर दीड वर्ष एका छापखान्यात सकाळी प्रूफं वाचत होते, आणि त्याच काळात माझी चांगली गिऱ्हाइकं उभी राहिली. मार्चपर्यंतचं बोला, पुढचं मार्चमध्ये बघा. मंगळवारचे दोन तास दुपारी न्या, पण मोडू नका. आणि पहिल्या आठवड्यातच तिथल्या संचालकांना विचारा, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठीच्या नोट्स आणि प्रवेशाचं माहितीपत्रक त्यांना कोण लिहून देतं.